पेट्रोल भरलं की गाडी का रुसते?

मी बचत गटांची समन्वयक, अहमदपूरहून बोलतेय. आजवर आपण पापड-मसाल्याचं पॅकिंग, शेळीपालन, बँकेचा हप्ता, ठरावाची वही अशा विषयांवर बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. गाडीच्या इंजिनाजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पर्ज व्हॉल्व्ह. तो बिघडला की काय होतं, कसं ओळखायचं आणि कसा बदलायचा, ते आज सांगणार आहे.

"गाडीचं काम आमचं नव्हे बाई" असं म्हणून उठू नका. गाडी आता आपली झाली आहे. समूहातल्या सदस्यांना गावच्या मार्गावर प्रवासी वाहन चालवता यावं म्हणून २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू झाली. काही गटांनी बँकेचं कर्ज काढून व्हॅन घेतली. कुणाची गाडी शिरूर ताजबंदच्या रस्त्याला माणसं नेते, कुणाची चाकूरच्या बाजाराला लोणची-शेवया नेते, माळेगावच्या जत्रेत स्टॉल लावायचा तर सामान त्याच गाडीत जातं. गाडी एक दिवस उभी राहिली तरी हप्ता काही थांबत नाही. मग जिच्या नावावर कर्ज आहे, तिला गाडीचं दुखणं कळायला नको का?

दुखणं कसं दिसतं

गाडी घरून निघताना एका सेल्फमध्ये सुरू होते. रस्त्यात काही तक्रार नाही. पंपावर जाऊन पेट्रोल भरलं, पैसे दिले, चावी फिरवली, की घर्र घर्र करते पण सुरूच होत नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, पंपावरची पोरं ढकलायला येतात. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर खोकत खोकत सुरू होते, थोडं मिसिंग मारते आणि पाच मिनिटांत पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागते.

आमच्या भागातल्या एका गटाच्या पेट्रोल व्हॅनला हेच होत होतं. हिशोब तपासताना गाडी दुरुस्तीच्या लागोपाठ तीन नोंदी दिसल्या. आधी बॅटरी बदलली, मग प्लग बदलले, मग टाकीतला पेट्रोल पंप बदलला. तक्रार जिथल्या तिथे. गाडी चालवणारी ताई बैठकीत एवढंच म्हणाली, "घरी कधी असं होत नाही, पेट्रोल भरल्यावरच होतं." हे वाक्य तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या गॅरेजच्या मिस्त्रीने ते ऐकलं, बोनेटखाली हात घातला, एक बारीक नळी काढून बोट लावून पाहिलं आणि सांगितलं, पर्ज व्हॉल्व्ह गेलाय. बॅटरी, प्लग आणि पंप यांवर गेलेला पैसा या दुखण्यासाठी नव्हताच. म्हणून म्हणते, दुखणं कधी होतं आणि कधी होत नाही, हे सांगता येणं निम्म्या दुरुस्तीसारखं आहे.

कापूर, कोळसा आणि पाटाचं दार

आता आत काय चालतं ते पाहू. कापूर उघडा ठेवला तर दोन-चार दिवसांत उडून जातो. पेट्रोलही तसंच उडतं, आणि त्याहून किती तरी लवकर. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा अंगणात उभ्या गाडीच्या टाकीतसुद्धा पेट्रोलची वाफ होत राहते. ही वाफ बंद टाकीत कोंडून ठेवता येत नाही, कारण दाब वाढतो. बाहेर सोडावी तर पैसे हवेत जातात. आणि ही वाफ विषारी असते. पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचा पदार्थ असतो, त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो.

पूर्वी गाड्या ही वाफ सरळ बाहेर सोडत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारं धुरकं साठायचं. १९५०च्या सुमारास हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पेट्रोलची वाफ आणि गाड्यांचा धूर यांच्यावर ऊन पडलं की ते धुरकं तयार होतं. मग कॅलिफोर्नियात १९७०च्या गाड्यांपासून वाफ अडवणं सक्तीचं झालं. आपल्या देशातही पेट्रोल गाडीतून किती वाफ सुटावी याला मर्यादा आहे. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था गाड्यांच्या अशा चाचण्या करते. त्यात गाडी एका हवाबंद खोलीत उभी करून तिच्यातून किती वाफ निघते ते मोजतात. कारसाठी मर्यादा एका चाचणीला २ ग्रॅम. दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठ दोन-चार वेळा घेतलं, एवढंच.

मग वाफ अडवतात कशी? कोळशाने. कोळसा वास ओढून घेतो हे आपल्याला माहीत आहे. पेट्रोल गाडीत एक प्लास्टिकचा डबा असतो, त्यात खास तयार केलेल्या कोळशाचे दाणे भरलेले असतात. त्याला कॅनिस्टर म्हणतात. टाकीतली वाफ नळीने या डब्यात येते आणि कोळशात मुरते. पण कोळसा तरी किती पिणार? तो मधूनमधून रिकामा करावा लागतो. इंजिन चालू असताना हवा ओढतं. त्या ओढीनेच डब्यातली वाफ इंजिनात घ्यायची आणि जाळून टाकायची, अशी युक्ती आहे. वाफही गेली आणि तेवढं पेट्रोलही कामी आलं.

डबा आणि इंजिन यांच्या मध्ये जे दार आहे, तोच आपला पर्ज व्हॉल्व्ह. रानात पाटाचं पाणी देताना आपण दारं धरतो. वाफा भरला की दार बंद, दुसरा वाफा आला की उघडं. पर्ज व्हॉल्व्ह हेच काम करतो. इंजिन थंड असताना तो बंद असतो. इंजिन गरम झालं, गाडी नीट चालू लागली, की गाडीचा कॉम्प्युटर त्याला विजेचे छोटे झटके देतो आणि तो टिक-टिक करत थोडा थोडा उघडतो. गरम इंजिनाजवळ बारीक टिक-टिक ऐकू आली तर घाबरू नका, तो त्याच्या कामाचा आवाज आहे.

दार फुटलं तर काय होतं? पाणी नको तेव्हा रानात शिरतं. व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर वाफ नको तेव्हा इंजिनात शिरते. पेट्रोल भरताना टाकीतली वाफ ढकलली जाऊन कोळशाच्या डब्यात येते. लगेच सेल्फ मारला की ती भरगच्च वाफ इंजिनात घुसते, हवा कमी आणि पेट्रोल जास्त होतं, आणि गाडी पेट घेत नाही. म्हणून हे पंपावरच होतं. उभ्या गाडीचं इंजिन थरथरतं, स्लोला बंद पडतं, पीयूसीच्या तपासणीत धूर जास्त दाखवू शकतो, ही त्याची बाकीची लक्षणं.

उलट, व्हॉल्व्ह बंदच अडकला तर वाफ साठत जाते. डबा भरतो आणि गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो. यात गाडी सुरू व्हायला त्रास देत नाही, पण वास दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

हे सगळं पेट्रोल गाडीचं झालं. सीएनजी व्हॅनमध्ये पेट्रोलची टाकीही असते, म्हणून तिथेही हा व्हॉल्व्ह असतो. डिझेल तसं उडत नाही, म्हणून डिझेल पिकअपला हे दुखणं नसतं. नव्या स्कूटींमध्येही कोळशाचा छोटा डबा असतो.

लाइट लागली नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही

गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात. व्हॉल्व्हची वायर तुटली किंवा आतली कॉइल जळली, तर चेक इंजिनची लाइट लागते आणि स्कॅनरवर पी-०४४३ सारखा क्रमांक येतो. पण आपल्याकडच्या अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर या व्हॉल्व्हची फक्त वीज तपासतो. वीज ठीक आहे, पण दार कचऱ्याने उघडं अडकलं आहे, हे त्याला कळतच नाही. स्कॅनर "काही दोष नाही" म्हणतो आणि गाडी पंपावर रुसतच राहते. अशा वेळी चालवणारीचं निरीक्षणच उपयोगी पडतं.

घरच्या घरी करता येईल अशी तपासणी सांगते. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी मोकळ्या हवेत उभी करा. आधी व्हॉल्व्ह शोधा. इंजिनाच्या हवेच्या मार्गाला एक बारीक नळी येते, तिच्यावर काड्यापेटीएवढा काळा तुकडा असतो. त्याला दोन बाजूंनी दोन नळ्या आणि वायरीचा एक कपलर असतो. काही व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तिथे सीट उचलावी लागते. सापडला नाही तर मिस्त्रीला एकदा दाखवायला सांगा.

डब्याकडून येणारी नळी व्हॉल्व्हवरून काढा. गाडी सुरू करा, रेस देऊ नका. नळी काढलेल्या तोंडावर बोट ठेवा. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह बंद हवा, म्हणजे बोट ओढलं जायला नको. बोट खेचलं गेलं तर दार उघडं अडकलं आहे. तपासणी झाली की गाडी बंद करून नळी पुन्हा बसवा.

पंपावर अडकलात तर एक उपाय आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, सुरू होताच पाय सोडा. बहुतेक गाड्यांत त्याने जास्तीची वाफ निघून जाते. अशी सुरू झाली तर संशय पर्ज व्हॉल्व्हवर आणखी पक्का होतो.

बदलण्याची पद्धत

गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. वॉरंटी संपली असेल तर हे काम अर्ध्या तासाचं आहे. स्वतः करा किंवा मिस्त्रीजवळ उभं राहून करून घ्या, पण पायऱ्या माहीत असू द्या.

पहिली गोष्ट सुरक्षेची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून पसरत जाते आणि लांबच्या चुलीपर्यंतही पोहोचते. म्हणून काम अंगणात करा, जवळ चूल, बिडी, देवाचा दिवा नको. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकत नाहीत, वाळूची बादली जवळ ठेवा. पदर खोचा, वेणी वर बांधा, धातूच्या बांगड्या काढा. बॅटरीच्या दोन टोकांना बांगडी लागली तर भाजतं.

इंजिन थंड होऊ द्या. चावी काढा. बॅटरीच्या वजा खुणेच्या टोकाची वायर दहा नंबरच्या पान्याने सैल करून बाजूला करा. मग मोबाइलवर व्हॉल्व्हचा फोटो काढा, म्हणजे कोणती नळी कुठे होती ते विसरणार नाही.

कपलरची खुंटी दाबून तो सरळ ओढा. वायर धरून ओढू नका. नळीवरची क्लिप पक्कडीने दाबून मागे सरकवा. नळी आधी थोडी फिरवा, मग ओढा. जुनं रबर कडक झालेलं असतं, जोर केला तर फाटतं. व्हॉल्व्ह एका बोल्टवर किंवा पट्टीत अडकवलेला असतो, तो सोडवा.

आता जुना आणि नवा व्हॉल्व्ह शेजारी ठेवा. पार्ट नंबर, नळ्यांची जाडी, कपलर जुळतो का पाहा. नवा व्हॉल्व्ह घेताना गाडीचं मॉडेल आणि साल सांगा. बऱ्याच व्हॉल्व्हवर बाण असतो, तो हवा जाण्याची दिशा दाखवतो, म्हणजे बाण इंजिनाकडे हवा. बाण नसेल तर काढलेला फोटो कामी येतो.

आणि एक गोष्ट कुणी तपासत नाही. जुना व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर आपटून पाहा. काळे दाणे किंवा काळी भुकटी पडली, तर कोळशाचा डबा आतून फुटला आहे. तोच कोळसा व्हॉल्व्हमध्ये अडकून दार उघडं राहिलं. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह बदलला तर थोड्या दिवसांत नवाही अडकेल. डबाही बदलून, नळ्या साफ करून घ्याव्या लागतात. कागद स्वच्छ राहिला तर नुसत्या व्हॉल्व्हवर काम भागण्याची शक्यता जास्त.

नवा व्हॉल्व्ह बसवा. बोल्ट बेताने आवळा, खाली प्लास्टिक असतं. नळ्यांना भेगा असतील तर त्या बदला. क्लिप जागेवर आणा. कपलर खट्‌ आवाज येईपर्यंत दाबा. बॅटरीची वायर जोडा, गाडी सुरू करा. सूं सूं आवाज आला तर कुठली तरी नळी सैल आहे. लाइट लागलेली असेल तर स्कॅनरने पुसून घ्या. खरी परीक्षा पंपावर. अर्धी टाकी भरा आणि लगेच सेल्फ मारा. एका झटक्यात सुरू झाली तर काम झालं.

एक जुगाड मात्र करू नका. काही जण नळीत खिळा किंवा बोल्ट ठोकून वाट बंद करतात. गाडी सुरू होते, खरं आहे. पण मग वाफ डब्यात साठते आणि बाहेर येते. त्याच गाडीत आपली लेकरं शाळेला जातात.

पुन्हा बिघडू नये म्हणून

पंपावर टाकी भरली की नोझल आपोआप खट्‌ करून बंद होतं. मग पोरगा विचारतो, "ताई, राउंड फिगर करू का?" नाही म्हणा. त्या खट्‌नंतर ओतलेलं पेट्रोल टाकीत मावत नाही, ते वाफेच्या नळीने कोळशाच्या डब्यात जाऊ शकतं. कोळसा वाफ पिण्यासाठी आहे, पातळ पेट्रोलने तो खराब होतो. चाळीस-पन्नास रुपयांच्या राउंड फिगरपायी डबा आणि व्हॉल्व्ह दोन्ही जातात. हेच स्कूटीलाही लागू आहे. टाकीचं झाकण घट्ट लावा, आणि गाडी धुताना इंजिनाच्या कपलरवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका.

किमतीचं म्हणाल तर गाडीप्रमाणे हा व्हॉल्व्ह काही शेकड्यांपासून दोन-तीन हजारांपर्यंत मिळतो. त्यापेक्षा खूप मोठं बिल आलं तर विचारा, "दादा, काय काय बदललं? जुने पार्ट द्या." यात मिस्त्रीचा अपमान नाही. चांगला मिस्त्री स्वतःच जुना पार्ट हातात ठेवतो.

आता गटांना माझी एक सूचना. रोकडवही आहे, ठरावाची वही आहे, तशी गाडीची एक वही करा. तारीख, किलोमीटर, किती पेट्रोल, काय तक्रार, ती थंड इंजिनाला आली की गरम, पेट्रोल भरण्याआधी की नंतर. कोणता पार्ट बदलला, त्याचा नंबर, बिल. ही वही चालवणाऱ्या ताईने लिहायची आणि महिन्याच्या बैठकीत सगळ्यांनी वाचायची. "गाडी दुरुस्ती" एवढीच नोंद असेल तर अध्यक्षांनी सही करू नये. गाडी चालवणाऱ्या ताईला बैठकीत बोलायला पाच मिनिटं द्या. मशीनचं शिक्षण माझंही नाही, मी बी.ए. झालेली. पण दूध नासलं की लोणी येणार नाही, हे आपल्याला वासावरून कळतं ना, तसंच रोज गाडी हाताळणाऱ्या बाईला तिचा सूर बदललेला कळतो. तो तिने सांगायचा आणि आपण ऐकायचा.

पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून आपल्या गाडीचा पर्ज व्हॉल्व्ह शोधून ठेवा. बिघडायची वाट पाहू नका. सापडला की वहीच्या पहिल्या पानावर त्याचा पार्ट नंबर लिहा.